थोरलीच्या जागी धाकटी

माझ्या आजवरच्या लेखांतलं मला सर्वांत महागात पडलेलं वाक्य अगदी साधं आहे. ‘चाचणीसाठी वापरलेल्या लाल पेशी एकाच मेंढीच्या होत्या.’ हे लिहिताना मी क्षणभरही थांबले नव्हते. संशोधनाचा लेख लिहिताना आपल्याला काय सापडलं ते सांगायची घाई झालेली असते. मेंढी कुठल्यातरी मधल्या परिच्छेदात उभी असते आणि तिच्याकडे कुणी बघणार नाही असं आपण धरून चालतो.

मी कर्करोग आणि शरीराची प्रतिकारशक्ती या विषयांत काम करते, अंबाजोगाईतल्या दोन खोल्यांच्या एका छोट्या प्रयोगशाळेत. आधी काही वर्षं पुण्यात होते. तिथली यंत्रं मोठी, माणसं हुशार, पण छापून येणाऱ्या लेखांत माझं नाव कायम मधल्या गर्दीत, लग्नपत्रिकेच्या तळाशी नावं असतात तसं. स्वतःच्या डोक्यातला एक तरी प्रश्न स्वतःच्या हातानं सोडवायचा म्हणून मी घरी परतले. अब्बांचं बसस्टँडच्या मागं फळांचं दुकान आहे. शिकलेली पोरगी परत आली म्हणजे तिकडं काहीतरी बिनसलं असणार, अशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची खात्री होती, आणि मोसंबी निवडता निवडता लोक मला तसं तोंडावर विचारायचे. मला राग लवकर येतो. मी दुकानात बसणंच सोडून दिलं.

माझा प्रश्न असा होता. आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, शास्त्रात त्यांना पूरक प्रथिनं म्हणतात. परकी पेशी समोर आली की ती तिला भोक पाडतात आणि फोडतात. तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसांत ही फोडण्याची ताकद निरोगी माणसांइतकीच असते, की कमी होते, की वाढते? आमच्या भागात तोंडाच्या कर्करोगाचे रोगी शोधत फिरावं लागत नाही. गुटख्याच्या पुड्यांची माळ चहाच्या टपरीवर टांगलेली असते, तिथूनच सुरुवात होते. त्यामुळे प्रश्न मला घरचा वाटायचा.

ताकद मोजायची जुनी, साधी आणि डोळ्यांना दिसणारी चाचणी आहे. मेंढीच्या रक्तातल्या लाल पेशी घ्यायच्या, धुवायच्या, त्यांना प्रतिपिंडांचा लेप द्यायचा आणि वरून माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, घालायचं. सीरममध्ये दम असेल तर पेशी फुटतात आणि नळीतलं पाणी लाल होतं. जितकं लाल, तितकी ताकद. अट एकच, की मेंढी बदलायची नाही. एखाद्या मेंढीच्या पेशी चटकन फुटतात, एखादीच्या दमानं घेतात. मध्येच मेंढी बदलली तर माणूस मोजतोय की मेंढी, हेच कळेनासं होतं.

मोठ्या शहरांत मेंढीचं रक्त बाटलीतून विकत मिळतं. कुरियरनं अंबाजोगाईला पोचेपर्यंत त्यातल्या निम्म्या पेशी वाटेतच फुटलेल्या असायच्या. दोन बाटल्या अशा वाया गेल्यावर अब्बा म्हणाले की गावाला मेंढ्यांनी वेढलेलं असताना ही पोरगी मेंढी टपालानं मागवते. आणि त्यांनी मला त्यांच्या ओळखीच्या मेंढपाळाकडे नेलं.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे त्यांचा मुक्काम असायचा. नवरा-बायको दोघंच, मुलं शिकायला गावी. अब्बा दुकानातली फार पिकलेली, डागाळलेली फळं दर आठवड्याला त्यांच्या मेंढ्यांना टाकायचे, तेवढी ती ओळख. मी त्यांना मामा-मामी म्हणायला लागले. मामा उंच, शांत, प्रश्न विचारला की आधी आभाळाकडे बघणारे. मामी बुटकी, तरतरीत, उत्तर आधी देणारी. मी रीतसर परवानग्या काढल्या होत्या, रक्त काढायला जनावरांचे डॉक्टर बरोबर होते. अर्ध्या कप रक्तानं मेंढीला काही होत नाही, हे मी समजावून सांगितलं. मामांनी आभाळाकडे बघितलं आणि कळपातली एक काळी, रुंद छातीची, समजूतदार तोंडाची मेंढी ओढून माझ्यापुढे उभी केली.

“ही घ्या. थोरली हाय. लई गरीब.”

मी प्रयोगशाळेतून नेलेली निळी फीत तिच्या गळ्यात बांधली आणि दोघांना बजावलं की दर वेळी हीच मेंढी पाहिजे, दुसरी चालणार नाही. मामी म्हणाली, त्यात काय, आमी काय येगळी देनार हाय. कळपात किती मेंढ्या आहेत असं मी सहज विचारलं, तर ती एकदम मेंढीच्या लोकरीतले काटे वेचायला लागली. डोकी मोजून सांगत नाहीत, मोजली की कमी होतात, असं मामांनी हळूच सांगितलं. मी मान डोलावली. माझं सगळं आयुष्य मोजण्यात चाललेलं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काम सुरू झालं. ठरलेल्या दिवशी मी फोन करायचे, डॉक्टरांना घेऊन जायचे, निळ्या फितीची मेंढी तयार असायची. डॉक्टर रक्त काढायचे, मी बाटली धरायचे, मामी मेंढीच्या कानात काहीतरी पुटपुटत तिचं तोंड धरून बसायची. आधी निरोगी माणसांचं सीरम तपासून झालं, कारण निरोगी माणसं लवकर मिळाली. रोगी एकेक करत आले, त्यांची तपासणी पुढचे काही आठवडे चालली. आणि फरक दिसला. नळ्या उजेडात धरल्या की दिसेल असा फरक. रोग्यांच्या नळ्या निरोगी माणसांच्या नळ्यांपेक्षा लालभडक. आजारी माणसांच्या रक्तात फोडायची ताकद वाढलेली होती.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मी नाचले. नाचले म्हणजे खरोखरच, खुर्च्या बाजूला सरकवून. मग दारं लावून लेख लिहिला आणि एका जर्नलला पाठवला. पहिलं नाव माझं, आणि मधली गर्दी नाहीच. शेवटी फक्त पुण्यातले माझे जुने सर.

परीक्षकांचं उत्तर आलं तेव्हा मी आधी चांगलं तेवढं वाचलं. काम मोलाचं आहे, लेखन स्वच्छ आहे, वगैरे. शेवटी एक बारीकशी विचारणा होती: पेशी एकाच मेंढीच्या असल्याचं लेखिका म्हणते, तर त्या मेंढीचं वय, वजन आणि प्रकृती कळवावी. एवढंच ना, असं म्हणून मी वजनकाटा अब्बांच्या दुकानातून उचलला, स्कूटीच्या पायरीवर ठेवला आणि फोनबिन न करता ओढ्यापलीकडे गेले.

फोन न करता गेले, हेच सगळ्याला कारण झालं.

निळी फीत खुंटीला टांगलेली होती. मेंढ्या जाळीच्या कुंपणात बसलेल्या होत्या आणि गळ्यात काही नसलेल्या त्या घोळक्यात मला माझी मेंढी ओळखू येईना. मी विचारलं, माझी कुठली? मामांनी डावीकडच्या एका काळ्या मेंढीकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी मामीनं उजवीकडच्या एका काळ्या मेंढीकडे बोट दाखवलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही बोटं खाली घेतली.

मी काटा खाली ठेवला आणि विचारलं की हे काय चाललंय. मामा आभाळाकडे बघायला लागले. मामीनं पदर खोचला आणि सगळं सांगून टाकलं. थोरली गाभण राहिली होती. गाभण जनावराला सुई लावायची नाही, हे तर कुणालाही कळतं. पण मला हीच मेंढी पाहिजे होती, तसा शब्द दिलेला होता. म्हणून त्यांनी थोरलीची पाठची बहीण, धाकटी, फीत बांधून उभी केली. एका आईच्या, एका रंगाच्या, एकाच कळपात एकच पाला खाऊन वाढलेल्या. केव्हापासून, असं मी विचारलं. मामीनं बोटांवर हिशेब केला. तो बरोब्बर तिथं येऊन थांबला, जिथं माझी निरोगी माणसं संपली होती आणि रोगी सुरू झाले होते.

म्हणजे निरोगी माणसं थोरलीवर आणि रोगी धाकटीवर. मी जो फरक बघून खुर्च्या सरकवून नाचले होते, तो माणसांचा होता की दोन बहिणींचा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मला संताप आला. मी मोठ्यानं बोलले, मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. मला सांगितलं का नाही, असं मी परत परत विचारत होते.  मग मामीही चिडली.

“कावून सांगावं? चौथ्या महिन्याच्या आत गाभण हाय म्हनून कुनी सांगतं का? आन तू तर समदं मोजनारी.” मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, “माझ्या बाळंतपनाला माझी धाकटी बहीन आलती. चार महिने माझी चूल तिनं सांभाळली. भाकर निराळी लागती म्हनून कुनी म्हनलं का? बहीन बहिनीच्या जागी उभी ऱ्हायली, त्यात फसवलं काय मी तुला?”

 विज्ञानाकडे याचं उत्तर आहे, पण ते त्या ओढ्याकाठी, गाभण मेंढीसमोर, पदर खोचून उभ्या राहिलेल्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं. मी स्कूटी वळवली आणि वजनकाटा तिथंच विसरून घरी आले. त्या दिवशी अब्बांनी संत्री अंदाजानं विकली.

घरी येऊन मी विचार केला, तो काही फार थोर विचार नव्हता. पहिला विचार हा, की कुणाला कळणार आहे? मेंढीचं वय मला ठाऊक होतं, वजन कुठल्याही मेंढीचं देता आलं असतं. पण या माहितीवर पुढं कुणीतरी काम करणार, कुणी डॉक्टर ती वाचणार. आणि खरं सांगायचं तर नीतीपेक्षाही मला खाज होती. तो फरक खरा आहे का, हे मलाच कळायला हवं होतं. कुठलीही तिसरी मेंढी घेऊन सगळं नव्यानं केलं असतं तर भागलं असतं, असं कुणी म्हणेल. पण मग पाठवलेला लेख चुकीचा होता की बरोबर, हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी दोघी बहिणी शेजारी शेजारी हव्या होत्या, आणि थोरली व्यायला अजून वेळ होता.

जर्नलच्या संपादकांना काय लिहायचं, हा पेच होता. मी बरेच सभ्य मसुदे केले. ‘अपरिहार्य जैविक कारणांमुळे’ असं काहीतरी. अब्बांना वाचून दाखवलं तर त्यांनी केळ्याचा घड हातातच ठेवून विचारलं की म्हणजे नक्की काय झालंय. मी सांगितलं. अब्बा घरात दखनीतच बोलतात.

“भेड पेट से है, इत्ता लिखनेकू शरम कायकू?”

मी तसंच लिहिलं. मेंढी बदलली गेली होती, मला ते आता कळलं आहे, मूळ मेंढी गाभण आहे, ती विऊन सावरली की दोघींचं रक्त शेजारी तपासून मी उत्तर देईन, तोवर लेख थांबवावा. दोन दिवसांत उत्तर आलं. संपादकांनी मुदत वाढवून दिली होती आणि शेवटी लिहिलं होतं की मेंढीची तब्येत कशी आहे तेही कळवत जा. अब्बांनी ते पत्र दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. ‘पोरगी पुण्याहून परत का आली’ हे विचारणारे लोक आता ‘व्याली का’ असं विचारायला लागले. मला तो बदल आवडला.

मामीशी माझं बोलणं मात्र बंद होतं. खरं म्हणजे मी रुसले होते आणि तीही रुसली होती, आणि दोघींच्या मधे अब्बा आठवड्याला एक कॅरेट पिकलेली फळं घेऊन जात होते आणि निरोप आणत होते. थोरली जड झाली. थोरली आता लांब चालत नाही. कळप सिरसाळ्याकडे गेला, तिकडे ज्वारीची रानं मोकळी झाली होती आणि शेतकरी खतासाठी रात्री मेंढ्या शेतात बसवायला बोलावत होते. एक दिवस अब्बा आले आणि टोपी काढून म्हणाले की झाली मोकळी, पाट झाली. पाट म्हणजे मादी कोकरू. मी हसले, आणि रुसवा तिथंच संपला. मी फोन लावला. पलीकडून मामी पहिलं वाक्य बोलली ते एवढंच, की कोकराच्या कपाळावर पांढरा चांद आहे, बघायला कधी येतेस.

थोरली सावरेपर्यंत थांबलो. मग ठरलेल्या दिवशी अब्बांच्या ओळखीचा फळांचा टेम्पो घेऊन मी सिरसाळ्याला गेले. बेत असा होता की डॉक्टरांनी तिथंच दोघींचं रक्त काढायचं आणि मी बर्फात घालून परत यायचं. पण मामी ऐकेना. थोरलीचं रक्त घेणार तर ते कशासाठी जातंय ते मी डोळ्यानं बघणार, असं म्हणाली. थोरली निघणार तर कोकरू निघणार. कोकरू निघणार तर मामा निघणार. धाकटीला तर यायचंच होतं. कळप एका भावकीतल्या माणसावर सोपवला आणि मोसंबीच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये दोन मेंढ्या, एक कोकरू, मामा-मामी आणि डॉक्टर अशी वरात अंबाजोगाईला आली. वाटेत थोरलीनं डॉक्टरांच्या बॅगेचा पट्टा खाल्ला. प्रयोगशाळेच्या अंगणात रक्त काढून झालं. मामी या वेळी दोघींच्याही कानात पुटपुटली, कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून.

मी पेशी धुतल्या, लेप दिला, सगळं सकाळी हातासरशी केलं. मामा-मामींना हातमोजे दिले आणि काही हात लावायचा नाही असं सांगितलं. हातमोजे घालून काही हात लावायचा नाही, यातली गंमत मामांना कळली, ते दिवसभर हात पुढे धरून बसले होते.

पहिला निकाल बहिणींचा. सीरम माझं स्वतःचं, म्हणजे रक्त एकाच बाईचं, निरोगी. एका ओळीत थोरलीच्या पेशी, दुसऱ्या ओळीत धाकटीच्या. कोमट पाण्यात नळ्या ठेवल्या आणि वाट बघत बसलो. बाहेर काढल्या तेव्हा कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. थोरलीची ओळ फिकी गुलाबी, धाकटीची लाल. एकाच आईच्या लेकी, एकच पाला, एकच सीरम, आणि धाकटीच्या पेशी कितीतरी लवकर फुटत होत्या.

मामी त्या दोन ओळींकडे बघतच राहिली. मला तिच्यावर रागही आला नाही, इतकी मी घाबरले होते. रोग्यांच्या नळ्या लाल का आल्या, याचं उत्तर समोर होतं: कारण त्या धाकटीच्या होत्या. वर्षाचं काम एका मेंढीच्या बाळंतपणात गेलं, असं मनात आलं.  मग मामांनी हातमोज्यातले हात गुडघ्यांवर ठेवले आणि आभाळाऐवजी छताकडे बघितलं.

“तिच्या बहिनीची भाकर बी निराळीच लागायची,” ते म्हणाले. “मी बोललो न्हाई.”

मामी त्यांच्याकडे अशी वळली की डॉक्टर अंगणात कोकरू बघायला निघून गेले. मला हसू फुटलं आणि ते थांबेना. इतक्या वर्षांनी एका माणसानं खरं सांगितलं होतं, ते माझ्या प्रयोगामुळे. संशोधनाचा एवढा तरी उपयोग झाला, असं मी म्हणाले. मामी म्हणाली, घरी गेल्यावर बघते.

आता शेवटचं काम उरलं होतं. निरोगी माणसांचं आणि रोग्यांचं सीरम मी खोल गोठवून थोडं थोडं राखून ठेवलं होतं, एका खेपेला पुरेल एवढंच. ते सगळं आता थोरलीच्या पेशींवर, एकाच दिवशी तपासायचं होतं. धाकटीचा जोर काढून टाकल्यावर काही फरक उरतो का, एवढाच प्रश्न. उरला तर लेख जगणार होता, नाही तर संपादकांना सगळं मागे घेतल्याचं लिहायचं होतं. दुसरी खेप करायला थेंबही शिल्लक राहणार नव्हता.

माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. मला फरक इतका हवा होता की मी फिक्या पाण्यातही लाल पाहिलं असतं. म्हणून प्रत्येक नळीच्या तळाला बारीक चिठ्ठी चिकटवली, कुणाचं सीरम ते वरून दिसणार नाही अशी, आणि मग नळ्यांची खिचडी केली. आकडे यंत्र देणारच होतं. पण यंत्राच्या आधी मी मामीला बोलावलं. तिला यातलं काही हवं नव्हतं. कुठली नळी निरोगी आणि कुठली आजारी, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मी तिला सांगितलं की जास्त लाल एका स्टँडमध्ये लाव, कमी लाल दुसऱ्यात, आणि उगीच माझ्याकडे बघू नकोस.

तिनं आधी सगळ्या नळ्या नुसत्या बघितल्या. मग हातमोज्यातल्या दोन बोटांनी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरायला लागली. ही इकडं. ही तिकडं. काहींवर अडायची, पुन्हा धरायची, जीभ दातांत घ्यायची. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. माझ्या मागे काचेवर काच हळू टेकल्याचा आवाज येत होता आणि अंगणात कोकरू ओरडत होतं. मला वाटतं, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

झालं म्हणाली तेव्हा मी वळले. एकेक नळी उचलून तळ बघत गेले. लाल स्टँडमधली पहिली रोग्याची. दुसरी रोग्याची. तिसरी निरोगी माणसाची, तिचा तळ मी दोनदा बघितला. मग पुन्हा रोगी, आणि रोगी. फिक्या स्टँडमध्ये एखाददुसरा रोगी चुकून गेला होता, पण बाकीचे सगळे निरोगी. मग यंत्रात एकेक नळी घालून आकडे घेतले. फरक पहिल्या लेखात लिहिला होता त्याच्या निम्माही नव्हता. पण होता. मेंढीचं जे होतं ते गळून गेलं होतं आणि माणसांचं जे होतं ते जागेवर होतं.

मी खुर्चीत बसले. नाचायचं त्राण नव्हतं. मामांनी काही न विचारता हातमोजे काढले, ते इतका वेळ कसे राहिले होते कुणास ठाऊक, आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी त्यांना सांगितलं की लेख उभा राहील, लहान होईल, पण उभा राहील. दोन बहिणींची गोष्टही मी त्यात लिहिणार, म्हणजे पुढच्या माणसाला मेंढी गाभण आहे का हे विचारायचं सुचेल. मामांनी मान हलवली. थोरलीचं वजन लिहिणार असशील तर व्यायच्या आधीचं लिही, असं म्हणाले.

मामी अजून टेबलापाशीच होती. लाल नळ्यांच्या स्टँडवर वाकली होती.

“ह्या लाल कुनाच्या?”

मी सांगितलं, तोंडाला आजार झालेल्या माणसांच्या. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. सकाळी मी तिला समजावून सांगितलं होतं की जितकं लाल तितकी लढायची ताकद. ते तिनं मनात कुठंतरी ठेवलं होतं. ती पुन्हा नळ्यांवर वाकली.

“म्हंजी आजारी हायेत, पर रगत अजून भांडतंय त्येंचं.”

माझ्या लेखात याच गोष्टीला दीड पान लागलं होतं, आणि त्यात प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ होतं. मी म्हणाले, “भांडतंय, मामी.” आणि मग मला जे रडू आलं ते मेंढ्यांसाठी नव्हतं आणि लेखासाठीही नव्हतं. त्या लाल नळ्यांमागच्या प्रत्येक रोग्यानं माझ्यापुढे बाही वर केली होती, आणि बहुतेकांना मी दुपारी जेवलात का एवढं तरी विचारलं होतं, कारण तोंड उघडत नसलं तरी ते विचारलेलं त्यांना आवडायचं.

ऊन कलत कलत टेबलावर आलं होतं. मामीनं लाल नळ्यांचा स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि सावलीत, भिंतीच्या बाजूला, नीट टेकवून ठेवला. नळ्यांचं काम संपलेलं होतं, त्या आता नुसत्या धुवायच्या होत्या. मी ते तिला सांगितलं नाही.